आधी हाताने फिरवावे

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर ओसरू लागला, तेव्हा सांगलीच्या व्यापारी पेठांत दुकानांच्याही आधी वखारी उघडल्या गेल्या. आत काय उरले आहे याचा अंदाज घेण्यासाठी मालक मंडळी गुडघाभर गाळातून वाट काढीत होती. हळदीच्या एका जुन्या पेढीच्या वखारीत भिजून फुटलेल्या पोत्यांच्या थप्पीमागे एक ट्रक उभा होता. पुढे लांब नाक असलेला, १९६० च्या दशकाच्या प्रारंभी घेतलेला टाटा मर्सिडीज-बेंझ. पाण्याची खूण त्याच्या पुढच्या काचेच्या मध्यावर उमटली होती. याचा अर्थ, इंजिन कित्येक दिवस पूर्णपणे पाण्याखाली होते.

हिशेबाच्या दृष्टीने या ट्रकचे मोल फारसे उरलेले नव्हते. घसारा काढता काढता खतावणीत त्याची किंमत नाममात्र झाली होती, आणि रस्त्यावरून तो उतरला त्यालाही वीस वर्षे होऊन गेली होती. तथापि पेढीच्या मालकीचा पहिला ट्रक तो. भाड्याच्या गाडीवर विसंबलेला व्यापार त्याच्यामुळे कोल्हापूर, पुणे, मुंबईपर्यंत स्वतःच्या चाकांवर जाऊ लागला. घरातील वडीलधारे अप्पा, वय वर्षे चौऱ्याऐंशी, तरुणपणी याच ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून वसुलीला जात. दरवर्षी दसऱ्याला त्याला धुऊन हार घालावयाचा आणि थोडा वेळ इंजिन चालू ठेवावयाचे, हा घरचा रिवाज होता. त्या दहा-पंधरा मिनिटांसाठी अप्पा खुर्ची टाकून वखारीच्या दारात बसत.

पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी अप्पांच्या नातवाने नवी बॅटरी आणली. लाखोंचा माल गेला होता. निदान आजोबांना ट्रकची तरी चांगली बातमी द्यावी, असे त्याच्या मनात होते. मिरजेहून सत्तरीचे एक मिस्त्री आले होते. या ट्रकचे काम त्यांनी पूर्वी अनेकदा केलेले होते.

‘‘चाचा, एकदा सेल्फ मारून बघू. लागलं तर लागलं,’’ नातू म्हणाला.

‘‘आणि मोडलं तर?’’ मिस्त्रींनी बॅटरी बाजूला ठेवायला सांगितली. ‘‘आधी हातानं फिरवून बघू, धाकटे मालक. बॅटरी कुठं पळून जात नाही.’’

जुन्या इंजिनाच्या देखभालीतील सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त नियम एवढाच आहे. पुष्कळ दिवस स्वस्थ उभे असलेले इंजिन आधी हाताने फिरवावे आणि मगच विजेच्या हवाली करावे. हा नियम न पाळल्यामुळे दुरुस्त होऊ शकणारी कित्येक इंजिने क्षणार्धात भंगारात जमा झाली आहेत.

हँडलचा काळ

आज इंजिन सुरू करणे म्हणजे किल्ली फिरवणे किंवा बटण दाबणे. परंतु एके काळी मोटार सुरू होण्यासाठी माणसाचा दंडच लागत असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत तो बसवण्यात आला. त्यानंतर छोट्या गाड्यांतून हँडल हळूहळू मागे पडले. ट्रकच्या जगात मात्र ते पुढील अनेक दशके टिकले. बॅटऱ्या भरवशाच्या नव्हत्या, डायनॅमो दुबळे होते, आणि मुक्कामाच्या गावी बॅटरी भरून मिळेलच असे नव्हते.

भारतात १९२८ पासून मुंबईला शिवडी येथे जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना होता. शेवरोले आणि बेडफर्ड ट्रक तेथून रस्त्यावर येत. पुढे १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या या उद्योजकाने क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्यात डॉज आणि फार्गो ट्रकची निर्मिती सुरू केली. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डेमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक बांधावयास घेतले. हा करार १९६९ पर्यंत चालला आणि तोपर्यंत टाटांच्या ट्रकवर मर्सिडीजचा तारा झळकत होता. आज ज्या कुटुंबांच्या वखारीत, मळ्यात किंवा गोठ्यामागे एखादा जुना ट्रक उभा आहे, तो बहुधा याच घराण्यांपैकी असतो.

पेट्रोलच्या जुन्या ट्रकना पुढच्या बंपरमधून हँडल घालण्याची सोय असे. पहाटे ड्रायव्हर आत बसावयाचा आणि क्लीनरने खाली वाकून हँडल मारावयाचे, हे दृश्य जुन्या बाजारपेठांनी रोज पाहिलेले आहे. त्या क्लीनरला इंजिनाचे शास्त्र कोणी शिकवलेले नव्हते. पण आज इंजिन जड लागते की हलके, कोणता ठोका पोकळ आहे, हे त्याचा हात रोज सांगत असे. सेल्फ आला आणि श्रम वाचले. त्याबरोबर इंजिनाची रोजची विचारपूसही थांबली.

सेल्फ घातक का ठरतो

टाटा मर्सिडीज-बेंझ एल-३१२ ट्रकमध्ये सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन असे. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ९० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १२० मिलिमीटर. या मापांवरून सहा सिलिंडरांचे एकूण आकारमान सुमारे ४,५८० घनसेंटीमीटर येते, म्हणजे एकेका सिलिंडरचे सुमारे ७६३.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि फवारलेले डिझेल आपोआप पेटते. या जातीच्या इंजिनात हवा मूळच्या सुमारे एकविसांश जागेत कोंबली जाते. म्हणजे पिस्टन अगदी वर आला असता त्याच्या डोक्यावर जी जागा उरते, ती साधारण ४० घनसेंटीमीटर, चहाच्या अर्ध्या कपाहूनही कमी. आता त्या सिलिंडरात हवेऐवजी कपभर पाणी असेल तर काय होईल? हवा दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर येता येता मध्येच पाण्याच्या भिंतीवर आदळतो.

हाताने फिरवणारा माणूस अशा वेळी थांबतो, कारण पाना पुढे जात नाही. सेल्फला मात्र थांबणे ठाऊक नसते. त्याचे लहान दातेरी चक्र फ्लायव्हीलच्या मोठ्या दातेरी कड्याला फिरवते, त्यामुळे त्याचा जोर दहा पटींहून अधिक वाढून इंजिनापर्यंत पोचतो. त्यातच जड फ्लायव्हीलने एकदा गती घेतली की तिचीही भर पडते. मग जे सर्वांत नाजूक असेल ते वाकते, आणि ते बहुधा पिस्टनचा कनेक्टिंग रॉड असते. चुकून एखादा कोरडा सिलिंडर पेटला तर इंजिन स्वतःच्याच बळाने स्वतःला मोडते. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आल्याची उदाहरणे गॅरेजवाल्यांना नवी नाहीत.

पाणी नसले तरी धोका असतोच. इंजिन कोणत्याही स्थितीत थांबले तरी काही सिलिंडरांचे वॉल्व्ह उघडेच राहतात. त्या वाटेने दमट हवा आत जाते. पावसाळ्यामागून पावसाळे गेले की लोखंडी लायनरवर गंजाचा थर चढतो आणि पिस्टनच्या रिंगा त्यात रुततात. कधी वॉल्व्हचा दांडाच आपल्या नळीत अडकून बसतो. सेल्फच्या झटक्याने रिंग तुटते, तिचा तुकडा लायनरला ओरखडे काढतो, अडकलेल्या वॉल्व्हवर पुशरॉड वाकतो. ज्या कामाला लिटरभर तेल आणि आठवड्याची सबुरी पुरली असती, त्याला मग नवे पिस्टन, नवे लायनर आणि जुन्या बाजारातील महिनोन्महिन्यांची शोधाशोध लागते. ही इंजिने बनणे बंद होऊन कित्येक दशके लोटली आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे घाईची खरी किंमत कळते.

फिरवण्याची रीत

वखारीतील त्या ट्रकपाशी मिस्त्रींनी सर्वप्रथम पाना उचलला नाही. त्यांनी डिपस्टिक ओढून पाहिली. तेलाची पातळी वरच्या खुणेच्याही पुष्कळ वर होती. तेल वाढत नसते. वाढले आहे ते पाणी, हे उघड होते. खालचा बोल्ट ढिला करताच आधी गढूळ पाणी आणि त्यामागून काळे तेल आले. पाणी जड म्हणून तळाशी, तेल हलके म्हणून वर. इंजिन एकदा जरी फिरले असते तर दोहोंचे ताकासारखे मिश्रण होऊन प्रत्येक बेअरिंगपर्यंत गेले असते.

त्यानंतरची तयारी कोणत्याही जुन्या ट्रकला लागू पडणारी आहे. गाडी सपाट जागी उभी करावी. गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा. शिवाय चाकांखाली दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. बॅटरीची तार सोडून ठेवावी. पेट्रोल इंजिन असेल तर स्पार्क प्लगच्या तारा काढाव्यात. डिझेल इंजिनाला मात्र पेटण्यासाठी किल्लीची गरज नसते. म्हणून डिझेल बंद करणारी स्टॉपची दांडी ओढलेली असलीच पाहिजे. एअर क्लीनर आणि सायलेन्सरची नळी उघडून पाहावी. बंद गाडीत उंदीर, खारी घरटी करतात, गांधीलमाश्या पोळी बांधतात. त्या जिवांना आधी सुखरूप बाहेर काढणे आवश्यक असते. इंजिनाच्या दृष्टीनेही घरट्यातील एक काडी वॉल्व्हखाली अडकणे पुरेसे घातक असते.

यानंतर सर्व नोझल, अथवा पेट्रोल इंजिनात सर्व स्पार्क प्लग, क्रमांक लावून काढावेत. यामुळे दोन गोष्टी साधतात. दाब निर्माण होत नसल्याने इंजिन हलके फिरते, आणि आत काही द्रव असेल तर त्याला बाहेर पडण्यास वाट मिळते. मग प्रत्येक सिलिंडरात थोडे पातळ तेल सोडून निदान एक रात्र जाऊ द्यावी. कोरड्या लायनरवर रिंगा ओढणे म्हणजे गंजाने गंज खरवडणे होय. वरचे झाकण काढून रॉकर आणि वॉल्व्हच्या दांड्यांवरही तेल घालावे, कारण हाताच्या संथ फेऱ्यांनी तेलाचा पंप तेथवर तेल चढवू शकत नाही.

हँडलची सोय असेल तर हँडल, नसेल तर क्रँकच्या पुढच्या पुलीच्या नटाला बसणारा लांब पाना. काही इंजिनांत फ्लायव्हीलच्या दात्यांना कांब लावूनही हे काम होते. फॅनची पाती ओढून इंजिन फिरवण्याचा मोह टाळावा. पाते वाकते आणि वॉटर पंपाचे बेअरिंग दुखावते. फिरवण्याची दिशा इंजिनाच्या चालण्याचीच असावी. समोरून पाहता ती बहुतेक इंजिनांत घड्याळाच्या काट्यांप्रमाणे असते. उलट फिरवत राहिल्यास पुलीचा नटच सुटण्याचा संभव असतो.

सांगलीतील ट्रकला मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी सकाळी पाना लावला. जोर केला नाही. नुसता भार दिला. पुली दोन बोटे सरकली आणि थांबली. त्यांनी तेवढीच मागे आणली, पुन्हा पुढे नेली. अर्ध्या तासात दोन बोटांची वीतभर झाली. तेवढ्यात पाचव्या सिलिंडरच्या नोझलच्या भोकातून गढूळ पाण्याची बारीक धार आली. पुढच्या फेरीत दुसऱ्यातून, तिसऱ्यातून आणि सहाव्यातून आली. कोठे तांब्याभर, कोठे भांडेभर. पहिला आणि चौथा तेवढे कोरडे निघाले. पूर आला त्या वेळी त्यांचेच वॉल्व्ह मिटलेले होते. धार तुटेपर्यंत मिस्त्री प्रत्येक वेळी थांबत होते. नातू बाजूला बादली धरून उभा होता. कालची बॅटरी जोडली असती तर काय झाले असते, हे त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

हाताला काय कळते

पाणी काढून टाकल्यावर डिझेलने आतील भाग धुतले गेले, पुन्हा तेल सोडले गेले, नवे तेल आणि नवे फिल्टर आले. डिझेल पंप मिस्त्रींनी स्वतः उघडला नाही. त्यातील भाग केसाहूनही बारीक मापाने बसवलेले असतात. तो पंपाचे काम करणाऱ्या कारागिराकडे गेला. टाकी धुतली गेली, डायनॅमो आणि सेल्फ उघडून सुकवले गेले. मग खरा प्रश्न आला. इंजिनाचे हेड उघडावयाचे की नाही? उघडले तर गॅस्केट, वॉल्व्ह, कदाचित लायनर असा खर्चाचा डोंगर, आणि पुराने आधीच खचलेली पेढी. न उघडावे, तर आत काय आहे ते कसे कळणार?

येथे पुन्हा हातच कामी आला. इंजिनाच्या कामाचे चार टप्पे असतात. हवा आत घेणे, ती दाबणे, ज्वलनाचा ठोका, आणि धूर बाहेर टाकणे. हे चक्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होते. म्हणून नोझल बसवून सहा सिलिंडरांचे इंजिन दोन फेरे फिरवले की हाताला सहा वेळा विरोध जाणवला पाहिजे. प्रत्येक विरोध सारखा हवा. पाना क्षणभर अडावा, धरून ठेवल्यास मागे रेटावा आणि मग सुटावा. जो विरोध मऊ लागेल, त्या सिलिंडरात गळती आहे.

गळती कोठे आहे, हे कान सांगतो. तेल भरण्याच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर रिंगा, एअर क्लीनरपाशी आली तर हवा आत घेणारा वॉल्व्ह, सायलेन्सरच्या नळीत आली तर धूर सोडणारा वॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेडचे गॅस्केट. चालू इंजिनाच्या गडगडाटात हे काहीच ऐकू येत नाही.

त्या ट्रकचे पाच ठोके भरीव लागले आणि पाचव्या सिलिंडरचा मऊ. मिस्त्रींनी त्यात चमचाभर तेल सोडले आणि पुन्हा फिरवले. या वेळी विरोध वाढला. तेलाने रिंगांची फट बुजते, वॉल्व्हची बुजत नाही. तेव्हा दोष रिंगांचा, आणि तोही बेताचा, असा निर्णय झाला. हेड उघडले गेले नाही. वर्षातून काही वेळा, ओझ्याविना चालणाऱ्या इंजिनाला एवढी उणीव सोसते. हजारोंचा खर्च वाचला, तो दोन फेऱ्यांच्या तपासणीमुळे.

सातची बेरीज

हाताने फिरवण्याचा आणखी एक नित्याचा उपयोग म्हणजे टॅपेट लावणे. रॉकर आणि वॉल्व्ह यांच्यामध्ये अगदी बारीक फट ठेवावी लागते. साधारण वहीच्या दोन-तीन पानांच्या जाडीइतकी. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो आणि तो फिलर गेजच्या पात्याने मोजतात. फट फार कमी झाली तर वॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. जास्त झाली तर टकटक आवाज येतो आणि झीज वाढते.

ही फट मोजताना त्या सिलिंडरचे दोन्ही वॉल्व्ह पूर्ण मिटलेले असले पाहिजेत. ते ओळखण्याची युक्ती व्यापारी मनाला आवडेल अशी आहे. अशा इंजिनात सिलिंडर १, ५, ३, ६, २, ४ या क्रमाने पेटतात, आणि पिस्टन जोडीजोडीने वर येतात. पहिला व सहावा, दुसरा व पाचवा, तिसरा व चौथा. प्रत्येक जोडीची बेरीज सात. सहाव्या सिलिंडरचा एक वॉल्व्ह मिटत असतो आणि दुसरा उघडू लागतो, दोन्ही रॉकर तराजूच्या पारड्यांसारखे क्षणभर झुलतात. तेव्हा पहिल्या सिलिंडरचे वॉल्व्ह निश्चित मिटलेले असतात. सहावा झुलला की पहिला लावावा, दुसरा झुलला की पाचवा, चौथा झुलला की तिसरा. चार सिलिंडरांच्या नेहमीच्या इंजिनात हीच बेरीज पाच येते. जमाखर्चाच्या दोन बाजू जुळवाव्यात तशी ही रीत आहे, आणि तीत चूक राहिली तर तीही बेरजेतच सापडते.

महिन्याची फेरी

उभ्या गाडीची काळजी म्हणून पुष्कळ घरांत आठवड्याला दोन मिनिटे इंजिन सुरू करून बंद करण्याची पद्धत असते. हेतू चांगला, परिणाम उलटा. डिझेल किंवा पेट्रोल जळताना वाफही तयार होते. इंजिन पुरते तापले नाही तर ती वाफ आतच थंड होऊन पाणी बनते आणि तेलात मिसळते. सुरू करावयाचे तर इंजिन चांगले तापेपर्यंत चालवावे. तेवढा वेळ नसेल तर सुरू न करता हाताने फिरवावे.

महिन्यातून एकदा दोन-तीन संथ फेरे पुरतात. त्यामुळे रिंगा लायनरला धरत नाहीत आणि तेलाची पातळ फिल्म पुन्हा पसरते. दर वेळी इंजिन वेगळ्या जागी थांबवावे, म्हणजे त्याच वॉल्व्हच्या त्याच स्प्रिंगा महिनोन्‌महिने दाबलेल्या राहत नाहीत. एखाद्या महिन्यात पाना अनपेक्षितपणे अडला तर तेथेच थांबावे. पान्याला लांब नळी लावून जोर वाढवणे, गाडी गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढणे, हे उपाय नव्हेत. तेल सोडावे, दिवस जाऊ द्यावेत, पुन्हा हलके पुढे-मागे करावे. धरलेली इंजिने सुटतात ती बहुतांशी अशाच सबुरीने.

ज्या पेट्रोल ट्रकना हँडलनेच सुरू करावे लागते, त्यांच्या बाबतीत एक जुनी शिकवण विसरता कामा नये. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देते आणि हँडल माणसाच्या हातावर आदळते. मनगट, कोपर, जबडा मोडून घेतलेले क्लीनर त्या काळी थोडे नव्हते. म्हणून अंगठा हँडलभोवती न वळवता बोटांच्याच बाजूला ठेवतात, हँडल खालून वर ओढतात, आणि ते वरून खाली कधीही दाबत नाहीत. ठिणगी मागे घेण्याची दांडी असेल तर ती आधी मागे घेतात. सैल कपडे, उपरणे, अंगठी, हातातील कडे काढून ठेवावे. मुलांना समोर उभे राहू देऊ नये. देखभालीसाठी पाना लावला असेल तर काम संपताच तो काढून घ्यावा. पुलीवर विसरलेला पाना इंजिन सुरू होताच गोफणीतील दगडासारखा सुटतो.

दसरा

त्या वर्षी दसरा ८ ऑक्टोबरला होता. पंप परत आला होता, तेल दोनदा बदलून झाले होते. सकाळी मिस्त्रींनी पाना नातवाच्या हाती दिला आणि स्वतः मागे उभे राहिले. नातवाने दोन फेरे फिरवले आणि मोठ्याने मोजले. सहा भरले. मग पाना काढून घेतला गेला, बॅटरी जोडली गेली, हीटर प्लग तापू दिले गेले. पहिल्या प्रयत्नात इंजिन पांढरा धूर सोडून गप्प झाले. दुसऱ्या प्रयत्नात ते एका सिलिंडरवर, मग तीनवर अडखळत धडधडले आणि काही क्षणांनी एका लयीत आले. तेलाच्या दाबाचा काटा वर चढला.

अप्पा दारात खुर्चीवर बसले होते. वखारीच्या भिंतीवर पुराची रेघ अजून तशीच होती आणि गेलेल्या मालाचा हिशेब पुरता लागलेला नव्हता. त्यांनी पंधरा मिनिटे इंजिन ऐकले. ‘‘एक ठोका हलका आहे,’’ ते म्हणाले.

‘‘पाचवा, अप्पा,’’ नातू म्हणाला. ‘‘ठाऊक आहे.’’

केबिनमध्ये आता एक छोटी वही ठेवलेली असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नातू नोझल न काढता, लांब पाना लावून दोन संथ फेरे फिरवतो आणि तारीख घालून एक ओळ लिहितो. सांगलीत २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, त्या वेळी ट्रक आधीच उंचावर नेऊन ठेवलेला होता; त्या महिन्याचीही ओळ वहीत आहे. बहुतेक ओळी सारख्याच दिसतात: ‘सहा भरले. पाचवा मऊ, पूर्वीइतकाच.’